कुंडीतल्या मिरचीवर चुरडा-मुरडा पुन्हा पुन्हा का येतो आणि तो कसा थांबवायचा

घरी भाजीपाला लावायला सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्या चार कुंड्यांत मिरची लावतातच. रोप जोमाने वाढतं, पहिल्या कळ्या दिसतात आणि नेमकी तेव्हाच शेंड्याची पानं आकसायला लागतात. कोणी कडुनिंबाचं तेल सुचवतं, कोणी आंबट ताक, कोणी म्हणतं मॅग्नेशियम कमी पडलंय. काहीतरी फवारलं जातं, आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. दोन-तीन वेळा असं झालं की मिरची आपल्याला जमत नाही असं ठरवून कुंडी रिकामी केली जाते.

चुरडा-मुरडा किंवा बोकड्या हे लक्षणाचं नाव आहे, एका रोगाचं नाही. पानं आकसण्यामागे फुलकिडे (थ्रिप्स) असू शकतात, डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट, जाळं विणणारा कोळी नव्हे) असू शकतात किंवा पांढरी माशी पसरवते तो विषाणू असू शकतो. तिघांवरचा उपाय वेगळा आहे. फुलकिड्यांवर चालणारं औषध कोळ्यावर बरेचदा चालत नाही आणि विषाणूवर तर कुठलंच औषध नाही. म्हणून बाटली उचलण्याआधी पान नीट बघा.

पान कुठल्या बाजूला वळलंय?

सकाळी नऊच्या आत बघा. दुपारी कडक उन्हात मिरचीची निरोगी पानंही कडांनी वर वळतात आणि संध्याकाळी सरळ होतात. तो उन्हाचा परिणाम आहे, त्यावर काही फवारायचं नसतं. सकाळीही पान वळलेलं असेल तरच पुढे वाचा.

*कडा वर वळल्या आहेत, पान होडीसारखं झालंय.* बहुधा फुलकिडे. पान उलटं करून मधल्या शिरेच्या आजूबाजूला बघा. तिथे चंदेरी किंवा तपकिरी चट्टे आणि बारीक काळे ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे किड्यांची विष्ठा. खात्री करण्याची सोपी रीत अशी: पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंडा बोटाने चार-पाच वेळा झटका. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, पिवळसर किंवा काळपट, बारीक रेघेएवढे जीव कागदावर चालताना दिसतील. फुलं आली असतील तर एक फूल तोडून तेही कागदावर झटका. मिरचीवरच्या फुलकिड्यांत थ्रिप्स पार्विस्पिनस ही नवी जात भारतात २०१५ मध्ये बंगळुरूजवळ पपईवर आढळली आणि २०२१-२२ च्या हंगामात आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं तिने मोठं नुकसान केलं. तिचा मुक्काम पानांपेक्षा फुलात जास्त असतो. पानं बरी दिसत असूनही फुलं गळत असतील तर फूल उघडून बघायचं ते यासाठी.

*कडा खाली वळल्या आहेत, होडी उलटी झालीय.* बहुधा कोळी. पानाचा देठ नेहमीपेक्षा लांब, पान अरुंद, रंग गडद हिरवा, खालची बाजू तपकिरी आणि चकचकीत, हाताला कडक लागते. शेंडा थांबतो, कळ्या तिथेच वाळतात, मिरच्या खरबरीत होतात. हा पिवळा कोळी साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे साध्या डोळ्यांनी सापडत नाही आणि माणूस म्हणतो, ‘किडा तर एकही नाही!’ किमान २० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायची छोटी लेन्सही चालते. अगदी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला शिरेलगत पारदर्शक, पिवळट ठिपके हलताना दिसतील. अंड्यांवर पांढऱ्या टिकल्यांच्या रांगा असतात, एकदा पाहिल्या की पुन्हा चुकत नाहीत.

*पानं लहान, वर वळलेली, सुरकुतलेली, शिरा जाड आणि मधला भाग पिवळट.* शिवाय दोन पानांमधलं अंतर कमी होऊन शेंडा झुबक्यासारखा दिसतो, फुलं येत नाहीत किंवा आली तर धरत नाहीत. हा विषाणू. झाड हलवल्यावर पानांखालून पांढरे कण उडाले तर पांढरी माशी आहे. पण माशी नाही म्हणून विषाणूही नाही, असं समजू नका. माशी येऊन रस शोषून गेल्यावर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर ती भलत्याच झाडावर पोहोचलेली असते.

*पान वेडंवाकडं, चिकट आणि कुंडीवर मुंग्यांची रांग.* हा मावा. चौघांत हाच सगळ्यात सोपा. पाण्याचा जोरदार फवारा आणि दोन वेळा साबणाचं पाणी दिलं की बहुतेक वेळा आटोक्यात येतो. मुंग्यांची वाट तेवढी बंद करा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी त्या त्याला सांभाळतात.

एकाच झाडावर फुलकिडे आणि कोळी दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे. वरची पानं खाली वळलेली आणि मधली वर वळलेली दिसली तर दोन्ही धरून चाला. पिवळा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे माशी आणि कोळी हीसुद्धा नेहमीची जोडी आहे.

खताची कमतरता असेल का?

बहुतेक वेळा नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. शेंडा आकसत नाही. त्यामुळे शेंडा आकसलेल्या मिरचीला एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) देण्यात अर्थ नाही. कॅल्शियम कमी पडलं तर नवी पानं वेडीवाकडी होऊ शकतात, पण कुंडीत त्याचं कारण बहुधा मातीत कॅल्शियम नसणं हे नसून पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही हे असतं. अंड्याची टरफलं चुरून टाकल्याने या हंगामात फरक पडणार नाही, ती फार हळू विरघळतात.

उलट खत जास्त झाल्याने त्रास वाढतो. ताजं शेण, युरिया, दर आठवड्याला पातळ खत असा मारा झाला की झाड भराभर कोवळी, रसदार पालवी काढतं, आणि रस शोषणाऱ्या किडींना तीच हवी असते. पानं आकसली म्हणून झाड अशक्त झालं समजून आणखी खत घालणं ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कीड आटोक्यात येईपर्यंत खत पूर्ण बंद ठेवा.

फुलकिड्यांवर उपाय

फवारलं तरी कीड परत का येते, याचं उत्तर फुलकिड्याच्या आयुष्यक्रमात आहे. मादी अंडी पानाच्या आत घालते. पिल्लं पानावर रस शोषतात. मग कोषात जायच्या वेळी बरीचशी खाली उतरून मातीच्या वरच्या थरात किंवा कुंडीत पडलेल्या पाल्यात शिरतात आणि प्रौढ होऊन पुन्हा वर येतात. उष्ण हवेत हे चक्र साधारण दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होतं. तुमचा फवारा पानावरच्या पिल्लांना आणि प्रौढांना लागतो. पानाच्या आतली अंडी आणि मातीतले कोष सुरक्षित राहतात. म्हणून एका फवारणीने आठवडाभरच बरं वाटतं. चक्र तोडायचं असेल तर एकच सौम्य औषध ठरावीक अंतराने चार वेळा द्यावं लागतं आणि मातीकडेही बघावं लागतं.

पहिल्या दिवशी कुंडी बाकीच्यांपासून दूर न्या. फार आकसलेले शेंडे कात्रीने कापून थेट पिशवीत टाका आणि पिशवी बांधून कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. कात्री साबणाने धुवून घ्या. मग कुंडीच्या मातीवर प्लास्टिकचा तुकडा पसरून, झाड थोडं तिरपं धरून, पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. प्लास्टिक यासाठी, की धुऊन पडलेली कीड मातीत जाऊ नये. ते काढून बाजूला धुवा. सलग तीन सकाळी असं करा. या तीन दिवसांतच कीड इतकी कमी होते, की पुढचं औषध खऱ्या अर्थाने काम करतं.

मातीवरचा सगळा वाळका पाला वेचून काढा. वरचा दोन सेंटिमीटर थर खरवडून काढा आणि त्या जागी ताज्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळून पसरा. १२ इंची कुंडीला एक मूठ, म्हणजे साधारण ४० ते ५० ग्रॅम, पुरे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पहिली फवारणी. एक लिटर पाण्यासाठी ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि २ मिली सौम्य द्रवसाबण लागतो. आधी तेल आणि साबण वाटीत एकत्र घोटा, पांढरट झालं की थोडं कोमट पाणी घालून ढवळा आणि मग उरलेलं पाणी. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. मग सुरुवातीला नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटी नुसतं तेल, आणि त्या शेवटच्या तेलाने पानं भाजतात. ‘कडुनिंबाने झाड जळलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, नाहीतर दुपारची फवारणी. द्रावण त्याच दिवशी संपवा. मध्यम झाडाला पाव लिटरच्या आसपास द्रावण लागतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पानांच्या खालच्या बाजूला गेलं पाहिजे. आधी एका फांदीवर फवारून एक दिवस थांबलात तर उत्तम.

तेलाऐवजी निंबोळी अर्क जास्त आवडत असेल तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून, कापडात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळून घ्या, गाळा, २ मिली साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. हा ५ टक्के अर्क झाला. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतो, म्हणून वेळ नेहमी संध्याकाळची. तो कीड तिथल्या तिथे मारत नाही. तिचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिवंत किडे दिसले तरी औषध फुकट गेलं असं समजू नका.

पुढच्या फवारण्या दर पाच दिवसांनी, एकूण चार. तिसऱ्यानंतर झाड चांगलं दिसायला लागतं आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. चौथी सोडू नका. तोवर पहिल्या वेळी अंड्यांत किंवा कोषात असलेले बाहेर आलेले असतात.

पावसाळी दमट हवेत ब्युव्हेरिया बॅसियाना किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी या किडींना मारणाऱ्या बुरशींची पावडर लिटरला ५ ग्रॅम याप्रमाणे फवारलेली चांगली लागू पडते. कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये त्यावर पैसे घालवू नका, बुरशीला वाढायला ओलावा लागतो. पाकिटावरची तारीख नक्की बघा, ही जिवंत वस्तू आहे.

कोळ्यावर उपाय

कोळी कीटक नाही, अष्टपाद वर्गातला जीव आहे. त्यामुळे रोपवाटिकेत ‘चुरड्यावर हमखास’ म्हणून मिळणारी बरीच कीटकनाशकं त्याला काहीच करत नाहीत, उलट कोळी खाणारे मित्रजीव मेल्याने तो वाढतोच.

त्यावर विश्वासाचं आणि स्वस्त औषध म्हणजे पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्क्यांचं. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चमच्याने अंदाज न घेता काट्यावर मोजून. उबदार हवेत कोळ्याचं चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या. आधी शेंडे छाटून घ्या, कारण कोळी जवळपास सगळा शेंड्यातच असतो.

गंधकाच्या काही अटी आहेत आणि त्या मोडल्या तर झाड खरंच करपतं. तापमान ३२ अंशांच्या वर जाणार असेल त्या दिवशी फवारू नका. कडुनिंबाचं किंवा दुसरं कुठलंही तेल फवारलं असेल तर किमान दोन आठवडे थांबा. गंधकानंतर तेल द्यायचं असलं तरी तेवढंच अंतर. काकडी, दोडका, कारलं यांसारख्या वेलींची पानं गंधकाने होरपळू शकतात, त्या शेजारी असतील तर मिरचीची कुंडी लांब नेऊन फवारा. नाकातोंडावर रुमाल बांधा आणि लागलेल्या मिरच्या आठवडाभर न तोडता नंतर धुवून वापरा.

फुलकिडे आणि कोळी दोन्ही असतील आणि गंधक-तेलाच्या अंतरामुळे अडचण होत असेल, तर कोळ्यासाठी गंधक ठेवा आणि फुलकिड्यांसाठी तेलाऐवजी पाण्याचा फवारा आणि साबणाचं पाणी यांवर भर द्या. साबण लिटरला ५ मिली, भांडी घासायची पावडर नाही. तासाभराने झाड साध्या पाण्याने धुवा.

विषाणू असेल तर

झाड बरं होणार नाही. हे मान्य करायला जड जातं, कारण झाड हिरवं असतं, एखादी मिरचीही लागलेली असते. पण तेच झाड बाकीच्या मिरच्यांसाठी आणि टोमॅटोसाठी आजाराचा साठा बनतं. पांढरी माशी त्यावर थोडा वेळ रस शोषते आणि पुढे कित्येक दिवस विषाणू वाहते. ताक, हिंग, हळद, राख यांतल्या कशानेही विषाणू जात नाही.

काढण्याचीही रीत आहे. झाड हलवत उपटलंत तर माश्या उडून शेजारच्या कुंडीवर बसतील. पहाटे, माश्या सुस्त असताना, आधी साबणाचं पाणी फवारा, वरून मोठी पिशवी घाला, पिशवीचं तोंड बुंध्याशी आवळा आणि मग बुंधा कापा. झाडावरच्या मिरच्या खायला काही हरकत नाही, वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. हा विषाणू माशीमार्फत पसरतो, मातीतून नाही, त्यामुळे माती टाकून द्यायची गरज नाही.

विषाणू आहे की नुसती कीड, हे ठरत नसेल तर एक चाचणी करा. शेंड्याखाली दोरा बांधा, कीड आटोक्यात आणा आणि तीन आठवडे थांबा. दोऱ्याच्या वर आलेली नवी पानं सपाट, नेहमीच्या आकाराची असतील तर कीडच होती. कीड नसतानाही नवी पानं तशीच लहान आणि सुरकुतलेली आली तर झाड काढा.

हाच दोरा उपचार लागू पडतोय का हे बघायलाही वापरा. एकदा आकसलेलं पान पुन्हा कधीच सरळ होत नाही. जुनी पानं बघून ‘काही फरक नाही’ म्हणत औषधं बदलत राहणारे खूप आहेत, आणि त्यात कुठल्याच औषधाला पुरेसा वेळ मिळत नाही.

सगळं केलं, तरी महिन्याभरात परत आलं

मग कीड तुमच्याच बागेत कुठेतरी मुक्कामाला आहे. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

सर्वांत आधी ते जुनं मिरचीचं झाड. दोन वर्षांचं, अर्धं वाळलेलं, महिन्यातून चार मिरच्या देणारं झाड टाकवत नाही आणि कोपऱ्यात ठेवलं जातं. नव्या रोपांवर कीड तिथूनच येते. घरच्या कुंडीत मिरची वर्ष-सव्वा वर्षाने बदलावी, आणि जुनं झाड काढल्यावरच नवं रोप आणावं.

दुसरी जागा शेजारच्या कुंड्या. गुलाब, जास्वंद, वांगी, टोमॅटो, यांवर फुलकिडे किंवा पांढरी माशी किंवा दोन्ही असतात. झेंडूबद्दल विशेष सांगायला हवं. ‘झेंडू लावला की कीड येत नाही’ असं समजून तो मिरचीला खेटून लावला जातो. झेंडूचा खरा उपयोग मुळांवरच्या सूत्रकृमींना (मातीतल्या सूक्ष्म जंतांना) आवरण्यासाठी होतो. त्याच्या फुलात फुलकिडे मजेत राहतात. झेंडू असू द्या, पण मिरचीपासून लांब, आणि सुकलेली फुलं वेळेवर काढा. मिरचीवर फवारताना याही सगळ्या झाडांवर फवारा, नाहीतर कीड तिकडून परत येते.

तिसरी जागा म्हणजे छप्पर असलेली गॅलरी. पावसाचे जोरदार थेंब फुलकिडे धुऊन काढतात, म्हणून उघड्या गच्चीवरची मिरची जुलैत आपोआप सुधारते. गॅलरीतल्या झाडावर पावसाचा थेंब पडत नाही, मात्र हवेतला दमटपणा पुरेपूर मिळतो. मुंबई, कोकण, गोव्यात गॅलरीतल्या मिरचीवर कोळी हटत नाही याचं हे मोठं कारण आहे. अशा ठिकाणी आठवड्यातून दोनदा सकाळी पानांची खालची बाजू पाण्याने धुणं हे कुठल्याही औषधापेक्षा जास्त उपयोगाचं. संध्याकाळी धुऊ नका, पानं रात्रभर ओली राहिली की बुरशी धरते.

चौथी, जुनी माती. झाड काढून त्याच दिवशी त्याच कुंडीत नवं रोप लावू नका. कुंडी तीन आठवडे रिकामी ठेवली तर वर आलेल्या फुलकिड्यांना खायला काही मिळत नाही. एप्रिल-मे असेल तर माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवा. तण आणि काही बुरश्याही जातात.

नवं रोप आणताना आणि लावताना

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाबरोबर कीड घरी येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. उंच, गडद हिरवं, आधीच फुललेलं रोप घेऊ नका. सहा ते आठ पानांचं, बुटकं, जाड बुंध्याचं घ्या. तिथेच पान उलटून बघा, पांढऱ्या कागदावर झटकून बघा. घरी आणल्यावर दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

बियांपासून करायचं असेल तर तीन हंगाम आहेत: मे-जून, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी. नवशिक्यांनी मे अखेर ते जून हाच धरावा. रोप ३५ ते ४५ दिवसांत तयार होतं आणि जुलैत कुंडीत जातं, तेव्हा उघड्या जागी पावसामुळे फुलकिडे कमी असतात. जानेवारीत पेरलेली मिरची नेमकी मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फुलावर येते, तेव्हा फुलकिडे जोरात असतात. त्यातून दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की निरोगी झाडाचीही फुलं गळतात.

विषाणूचा त्रास दर वर्षी होत असेल तर बियाणं बदला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने पानं आकसवणाऱ्या या विषाणूला प्रतिकारक असे अर्का तेजस्वी, अर्का यशस्वी हे संकरित वाण काढले आहेत. संकरित असल्याने त्यांच्या मिरचीतलं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तोच गुण येईलच असं नाही.

एका झाडाला एक कुंडी, १२ इंची किंवा १२ ते १५ लिटर माती मावेल अशी. मिश्रणात चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. रोज पाच-सहा तास ऊन. पाणी घड्याळ बघून नव्हे, बोट पाच सेंटिमीटर खोल घालून, तिथे कोरडं लागलं तरच. लावल्यावर पहिला महिना वेगळं खत नको. नंतर दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत एवढंच.

नवं रोप वाचवणारी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे बारीक जाळी. पहिल्या दीड-दोन महिन्यांत विषाणू लागला तर झाड वाया जातं, मोठ्या झाडाला लागला तर निदान काही मिरच्या मिळतात. त्यामुळे जाळी या काळात हवीच. मच्छरदाणीची जाळी पांढऱ्या माशीला बऱ्याचदा मोठी पडते, ४० ते ५० मेशची (एका इंचात तेवढी छिद्रं असलेली) कीटकरोधक नायलॉन जाळी मागा. कुंडीत तीन बांबूच्या काड्या रोवून त्यावर जाळीची पिशवी घाला आणि कुंडीच्या काठाखाली सुतळीने घट्ट आवळा. जाळी पानांना टेकता कामा नये, नाहीतर माशी बाहेरून सोंड घालते. आत घालण्याआधी रोपावर कीड नाही याची खात्री करा, कारण आत अडकलेल्या किडीला खाणारं तिथे कोणी येत नाही. फुलं आल्यावरही जाळी ठेवता येते. मिरचीचं परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होतं, रोज सकाळी दहाच्या सुमारास काडीला हलकी टिचकी मारली की पुरतं.

चिकट सापळे पाळतीपुरते लावा. पांढऱ्या माशीसाठी पिवळा, फुलकिड्यांसाठी निळा, चार-पाच कुंड्यांमागे एकेक, शेंड्याच्या उंचीवर. पिवळ्या पुठ्ठ्याला प्लास्टिक गुंडाळून वर एरंडेल चोळलं तरी चालतं. सापळ्यावर दहा-बारा किडे दिसायला लागले की पानं उलटून बघायची वेळ आली असं समजा. त्याने कीड संपत नाही, आणि मधमाश्या किंवा कीड खाणारे ढालकिडे चिकटायला लागले तर काढून ठेवा.

डास-झुरळांचे घरगुती स्प्रे मिरचीवर मारू नका, ते खायच्या झाडांसाठी बनवलेले नसतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं शेतात तोडणीचे दिवस पाळून वापरली जातात. घरी आपण रोज हाताला येईल ती मिरची तोडतो, तिथे ते दिवस पाळले जात नाहीत, शिवाय ती मधमाश्यांना घातक आहेत आणि कोळ्यावर चालत नाहीत. चार-पाच झाडांसाठी त्यांची गरज नाही.

आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, प्रत्येक झाडाचा एक शेंडा कागदावर झटका आणि दोन कोवळी पानं भिंगाखाली बघा. पहिले दोन-चार फुलकिडे दिसल्याबरोबर पाण्याचा फवारा सुरू केला तर बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं. शेंडा आकसून गोळा झाल्यावर सुरुवात केली तर वरचे वीस-पंचवीस दिवस मोजावेच लागतात.